टँकमधली अनोळखी वनस्पती: हायड्रिला की अनाकॅरिस?

दुकानातून आणलेल्या मॉसच्या गुंत्यातून किंवा माशांच्या पिशवीतून एखादा हिरवा तुकडा टँकमध्ये येतो. काही आठवड्यांत त्याची लांब दांडी होते आणि ती ठेवायची की उपटायची, असा प्रश्न पडतो. पूर्ण झाडाकडे बघून हे ठरवू नका. प्रकाश, खत, पाण्याचं तापमान यांप्रमाणे एकच वनस्पती दाट किंवा विरळ, गडद किंवा फिकट होते. दांडीच्या मधल्या भागातला एक तुकडा तोडा, पांढऱ्या बशीत थोडं पाणी घेऊन त्यात पसरा आणि पेरं बघा.

पानं सपाट, अरुंद आणि एकेका पेराभोवती वर्तुळात लागलेली असतील, तर आपल्याकडच्या टँकमध्ये बहुतेक वेळा हायड्रिला किंवा अनाकॅरिस निघते.

हायड्रिला इथलीच. तळ्यांत आणि कालव्यांत ती वाढते, आणि उपड्या नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवायच्या शाळेतल्या प्रयोगातही तीच असते. अनाकॅरिस, म्हणजे एजेरिया डेन्सा, दक्षिण अमेरिकेतली. हायड्रिलाच्या पेरावर साधारण 4 ते 8 पानं असतात, अनाकॅरिसच्या बहुधा 4, कधी 5-6. 4 पानं दिसली तर नुसत्या मोजणीने निकाल लागत नाही. पानाच्या कडा बघा. हायड्रिलाचे करवती दात नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि दांडीवरून बोट फिरवलं की खरखर लागते. पान उलटं केलं तर मधल्या शिरेवरही बारीक काटे सापडतात. अनाकॅरिसचे दात भिंगाशिवाय दिसत नाहीत. तिचं पान मऊ आणि सहसा मोठं असतं, 1 ते 3 सेंटिमीटर लांब. मंद प्रकाशात वाढलेली हायड्रिलाही मऊ पडते, म्हणून चार-पाच पेरं तपासा.

तरीही शंका राहिली तर खडीत हात घाला. हायड्रिलाच्या खडीखाली पसरलेल्या दांड्यांच्या टोकांना वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान कंद येतात. अनाकॅरिसला कंद येतच नाहीत. कंद सापडला की प्रश्न मिटला. न सापडल्यास मात्र हायड्रिला नाहीच असं समजू नका, कारण ती कंद वर्षभर धरत नाही.

ठेवायची का, हेही याच कंदांवर ठरतं. अनाकॅरिस उपटली की सहसा संपते. दांडीचे तुकडे तेवढे वेचून काढायचे. हायड्रिलाचे कंद मात्र गाळात काही वर्षं जिवंत राहतात आणि वरचा भाग काढला तरी पुन्हा कोंब येतात. म्हणून माझं स्पष्ट मत: सजवलेल्या, नीट लावलेल्या टँकमध्ये हायड्रिला खडीत रुजू देऊ नका. पण साध्या गोल्डफिशच्या टँकमध्ये ती तरंगती ठेवलीत तर तिच्यासारखी कामाची वनस्पती नाही. ती पाण्यातलं नायट्रेट शोषते आणि ऊनही सोसते. अनाकॅरिसला थंड पाणी मानवतं. पाणी 30 अंशांच्या वर गेलं की ती गळू लागते, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसेल तर तिच्यावर पैसे घालू नयेत.

पेरावर ठरलेली 3 छोटी पानं असतील तर ती उत्तर अमेरिकेची एलोडिया असू शकते. आपल्याकडे ती क्वचितच दिसते.

पानं केसांसारखी चिरलेली असतील तर गट वेगळा. समोरासमोर पंख्यासारख्या, देठाच्या दोन पानांची जोडी असेल तर कबोंबा. पंख्यांना देठ नसून ते पेराभोवती गोल असतील तर अंबुलिया. पानं कडक, दुभंगलेली आणि मुळंच नसतील तर हॉर्नवर्ट. नवख्याने ही बिनधास्त ठेवावी. चुरगळल्यावर लसणासारखा वास आला आणि बोटांना कचकच लागली तर ती कारा, म्हणजे एक प्रकारचं शैवाल.

केसांसारख्या पानांवर मोहरीएवढ्या किंवा त्याहून बारीक पिशव्या दिसल्या तर मात्र थांबा. ती युट्रिक्युलेरिया, कासच्या पठारावरच्या सीतेच्या आसवांची पाण्यातली बहीण. त्या पिशव्या डॅफ्नियासारखे बारीक जीव आत ओढून पचवतात. मोठ्या माशांना तिचा त्रास नाही, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या टँकमधून ती लगेच काढा. मॉसमध्ये गुंतली असेल तर मॉससकट काढावी लागते.

उपटलेलं काहीही ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात टाकू नका. 2020 मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात आवळा पांडी इथलं पाणी गुलाबी फुलांनी भरलं आणि बघायला लोकांची गर्दी झाली. ती फुलं तिथे बेसुमार पसरलेल्या परदेशी कबोंबाची होती. काढलेले तुकडे कंदांसकट फरशीवर पसरा, कडक उन्हात पार कुरकुरीत होऊ द्या आणि मगच कचऱ्यात टाका.