साइट बंद पडल्यावर बघणार कोण? स्वतः सांभाळायचा व्हीपीएस आणि मॅनेज्ड व्हीपीएस

व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा स्वतंत्र भाग, घेताना बहुतेक जण रॅम, कोअर आणि महिन्याचं भाडं समोरासमोर ठेवतात. हे आकडे लागतातच. पण साइट बंद पडल्यावर कोण आणि कुठपर्यंत बघणार, हे त्याआधी ठरवावं. नुकसान त्या वेळी होतं आणि दोन पर्यायांतला खरा फरकही तेव्हाच कळतो.

आधी एक गैरसमज दूर करू. 99.9 टक्के अपटाइमची हमी म्हणजे महिन्याला साधारण 43 मिनिटं बंद राहण्याची मुभा. पण साध्या, म्हणजे स्वतः सांभाळायच्या व्हीपीएसमध्ये ही हमी वीज, नेटवर्क आणि तुमचं व्हर्च्युअल मशीन ज्या मोठ्या सर्व्हरवर चालतं त्याच्यापुरतीच असते. आत एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मेला, मायएसक्यूएल हा डेटाबेस बसला, तर कंपनीच्या हिशेबी मशीन व्यवस्थित सुरू आहे. त्या दिवशीचं त्यांचं स्टेटस पेज हिरवंगार दिसेल आणि ते खोटंही नसेल. मॅनेज्ड, म्हणजे कंपनीने सांभाळायच्या, प्लॅनमध्ये तुम्ही जादा पैसे मोजता ते या आतल्या थरासाठी.

आता नेहमी दिसणारा प्रसंग घेऊ. 1 जीबी रॅमचा व्हीपीएस, त्यावर वर्डप्रेस आणि त्यात दुकान चालवणारं वूकॉमर्स, फराळाच्या ऑर्डरी घेणारं दुकान. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश येतो. स्वतः सांभाळणारा माणूस एसएसएचने (दुरून मशीनवर लॉगिन करायच्या साधनाने) आत शिरतो, सिस्टमसीटीएल या कमांडने मायएसक्यूएलची स्थिती बघतो, मग जर्नलसीटीएल या कमांडने कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (नोंदी) उघडतो. तिथे ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ आणि पुढे मायएसक्यूएलचं नाव, अशी ओळ सापडते. मेमरी संपली की लिनक्स सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो, आणि छोट्या व्हीपीएसवर ती बहुधा डेटाबेसच असते. दोष मात्र त्याचा नसतो. वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमला 20 चाइल्ड प्रोसेस काढायची परवानगी असेल आणि वर्डप्रेसची प्रत्येक प्रोसेस 50 एमबीच्या आसपास घेत असेल, तर गर्दी झाल्यावर 1 जीबी तिथेच संपला. मायएसक्यूएल रीस्टार्ट केला की साइट उठते, पण पुढच्या गर्दीला पुन्हा पडते. खरा उपाय म्हणजे मॅक्स-चिल्ड्रन (चाइल्ड प्रोसेसची मर्यादा) कमी करणं आणि 1-2 जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) जोडणं. ॲक्सेस लॉगही (साइटवर कोण आलं त्याच्या नोंदी) बघावा. गर्दी गिऱ्हाइकांचीच आहे की एखादा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लॉगिनच्या पानावर धडका देतोय, हे तिथे कळतं.

मॅनेज्ड प्लॅनमध्ये याच वेळी तुम्ही तिकीट, म्हणजे मदतीची लेखी मागणी, टाकता. चांगली कंपनी वरचीच कामं करते आणि काय केलं ते लिहून कळवते. सुमार कंपनी मशीन रीबूट करते, ‘आता साइट सुरू आहे, कृपया तपासा’ असं उत्तर पाठवते आणि तिकीट बंद करते. पुन्हा पडली की मोठा प्लॅन घ्यायचा सल्ला येतो. तो कधी बरोबर असतो, पण बॉटचा त्रास असेल तर 2 जीबीही तसेच भरतात. ‘मॅनेज्ड’ हा शब्द दोन्ही कंपन्यांच्या जाहिरातीत असतो, म्हणून नुसत्या शब्दावर निर्णय घेऊ नये.

निदानासाठी लागणारं ज्ञान मात्र वाटतं तेवढं अफाट नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या दारावर, कोणी ऐकत नाही. वेब सर्व्हरच बंद असण्याची शक्यता जास्त. ‘टाइम्ड आउट’ आलं तर फायरवॉल, नेटवर्क किंवा अख्खं मशीन. 502 हा एरर दिसला तर एनजिनएक्स ठीक आहे, मागचा पीएचपी बसलाय. एवढं ज्याला वाचता येतं आणि लॉग उघडायची भीती वाटत नाही, त्याच्यासाठी स्वतः सांभाळायचा व्हीपीएस स्वस्त पडतो. 1 जीबीचं मशीन महिन्याला पाच-सहा डॉलरपासून मिळतं. मॅनेज्डला त्याहून बरेच जास्त लागतात.

कंटाळवाण्या, पण साइट हमखास पाडणाऱ्या गोष्टींत मॅनेज्ड पुढे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. डिस्क भरणं घ्या. मायएसक्यूएल 8 मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद) मुळातच सुरू असतो आणि काही बदल केला नाही तर 30 दिवसांचे लॉग साठवतो. 25 जीबीच्या डिस्कवर ते गुपचूप वाढत जातात आणि एक दिवस डेटाबेसला लिहायला जागाच उरत नाही. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड चालवली की 100 टक्के दिसतं, पण ती चालवायची आठवण कोणाला असते? मॅनेज्डवाल्यांकडे डिस्कचा इशारा सहसा लावलेला असतो. एसएसएलचं, म्हणजे साइटच्या सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचंही तसंच. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं नेहमीचं प्रमाणपत्र 90 दिवसांचं, सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप वाढवतो. पण वाढवताना चूक झाली तर पूर्वी मुदत संपण्याआधी ईमेल यायचा, तो लेट्स एन्क्रिप्टने जून 2025 मध्ये बंद केला. आता बाहेरून तपासणारी एखादी सेवा स्वतःच लावावी लागते. ती त्याच व्हीपीएसवर ठेवू नका. मशीन पडलं की इशारा द्यायलाही कोणी राहत नाही.

उलट बाजूला आहे मोकळीक. रूट, म्हणजे मशीनवरचा पूर्ण अधिकार, तुमच्याकडे असेल तर पायथनचा वर्कर (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालवा, रेडिस हा मेमरीतला डेटाबेस बसवा, हवी ती आवृत्ती घ्या. क्लाउडवेजसारख्या मॅनेज्ड सेवेत रूट मिळतच नाही. साधी वर्डप्रेस साइट असेल तर त्याने काही अडत नाही, स्वतः लिहिलेलं ॲप असेल तर पावलोपावली अडतं. रूटसोबत स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची सोयही येते: एसएसएचला परवानगी न देता फायरवॉल सुरू केली की दार बंद. अशा वेळी कंपनीच्या पॅनेलमधला वेब कन्सोल (ब्राउझरमधून दिसणारी मशीनची स्क्रीन) कामी येतो. तो आहे का, आणि आपला पासवर्ड तिथे चालतो का, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

बॅकअपच्या बाबतीत दोन्ही पर्याय सारखेच. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एसबीजी-2 ही इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांच्यातल्या काहींच्या हाती काहीच उरलं नाही. त्यामुळे मॅनेज्ड घ्या नाहीतर साधा, एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे हवीच.

माझं मत स्पष्ट आहे. साइटवर धंदा चालतो आणि घरात किंवा ऑफिसात लॉग वाचणारं कोणी नाही, तर मॅनेज्ड घ्या. भाड्यातला फरक दिवाळीतल्या एका बंद संध्याकाळच्या नुकसानीपेक्षा कमीच असेल. शिकायचं आहे, किंवा स्वतःचं ॲप आहे आणि सर्व्हर समजणारी दोन माणसं आहेत, तर साधा व्हीपीएस घ्या. दोन म्हणतोय, कारण एकटा माणूस गावाला जातो, आजारी पडतो. ‘आमचा भाचा बघतो’ या भरवशावर दुकानाची साइट मी तरी ठेवणार नाही, भाचा कितीही हुशार असला तरी.

मॅनेज्डकडे कल असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी महिन्याचा प्लॅन घ्या आणि रविवारी रात्री एक खरं तिकीट टाका: गेल्या आठवड्यात माझ्या मशीनवर मेमरी संपून एखादी प्रोसेस मारली गेली का? उत्तर किती वेळात आलं ते बघा, आणि त्यात तुमच्याच लॉगमधलं काही आहे की नुसतं आभाराचं ठरावीक पत्र, तेही.