लातुरातल्या आमच्या बागेतलं नवं स्वच्छतागृह
सासूबाईंचे गुडघे दुखतात. फिरायला निघायचं म्हटलं की दोन तास आधीपासून त्या पाणीच पीत नाहीत. म्हणून बागेत नवं स्वच्छतागृह झाल्यावर त्यांना मुद्दाम घेऊन गेले.

दार वाटेकडं, उजेडात आहे, हे फार चांगलं. जुनं पार मागं भिंतीआड होतं. अंधार पडल्यावर एकटी बाई तिकडं जायचीच नाही. आत कमोडशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा आहे. त्याला धरून आई स्वतः उठल्या, मला हाकही मारली नाही. मला भरूनच आलं.

रॅम्प मात्र फार खडा. १ फूट चढायला १२ फूट लांबी हवी, इथं पाच-सहाच आहे. व्हीलचेअर ढकलायची कशी? आणि नळ साधा, रात्रंदिवस ठिबकतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपलं गाव, ते ठिबकणं बघवत नाही. दाबून सोडला की बंद होणारा नळ बसवा. पॅड टाकायला झाकणाचा डबा तर आधी ठेवा. बाया कागदात गुंडाळून खिडकीत ठेवतायत, आणि ते उचलतात सफाईच्या मावशी, उघड्या हातानं.