शुगरवाल्या माणसाचा तोल अन् तालुक्यातलं फिजिओथेरपी केंद्र

आमच्या बाबांना दिवसा काहीच त्रास नाही. धुऱ्यावरून तरण्या माणसासारखे चालतात. पण हरभऱ्याला रात्रीची लाइन असली अन् ओलित करताना हातातली बॅटरी विझली, की जागीच डोलायला लागतात. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले तरी तेच. एका दवाखान्यात चक्कर म्हणून गोळ्या दिल्या, फरक शून्य.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी हे फिजिओथेरपी केंद्र आहे. तिथल्या मॅडमनी आल्या आल्या मशीन लावली नाही. बाबांच्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला, डोळे मिटायला लावले अन् हळूच हलवून विचारलं, "काका, वर गेला की खाली?" बाबा ठासून "वर" म्हणाले. अंगठा खाली होता. मग पाय जोडून उभं केलं. डोळे उघडे तोवर ठीक, मिटले की डोलणं सुरू. रोमबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरची ही एकोणिसाव्या शतकातली तपासणी, तिला एक पैसाही लागत नाही.

"डोये मिटले का जमीनच समजत नाही मले," बाबा म्हणाले.

तोल सांभाळायला मेंदू डोळे, कानाचा आतला भाग अन् स्नायू-सांधे-तळव्यांतल्या नसा, या तिघांचं ऐकतो. ज्याची खबर पक्की, त्याचं जास्त. शुगरने पायाच्या नसा मंद झाल्या की सगळी भिस्त डोळ्यांवर. मॅडमनी इंग्लंडच्या इयन वॉटरमन यांचं सांगितलं. १९७१ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, आजारपणात त्यांची मानेखालची, हातपाय कुठे आहेत हे न बघता कळायची जाणीवच गेली. हातापायांकडे बघत बघत ते पुन्हा चालायला शिकले. दिवे गेले की मात्र कोसळत.

मला सगळ्यात पटलं ते बोटाचं. बोटाचं टोक भिंतीला नुसतं टेकवलं तरी बाबांचं डोलणं कमी होतं. भार टाकायचाच नाही. बोटाकडून मेंदूला जी खबर जाते, तेवढी पुरते. म्हणून आता ओलिताला जाताना काठी. गेलेल्या नसा परत आणून देतो, अशी थाप इथे कुणी मारत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक तक्रार आहेच. केंद्र पहिल्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही अन् बल्ब मिणमिणता. तोल जाणाऱ्या पेशंटसाठी हे बरोबर नाही, मी तोंडावर सांगितलं. तोवर सकाळच्या उजेडात जा, शुगरचे रिपोर्ट न्या अन् जिन्यावर धरायला सोबत माणूस ठेवा.