वॉरंटी नाकारली तर: विक्रेता, कंपनी, हेल्पलाइन की ग्राहक आयोग?

गुहागर, देवगड, श्रीवर्धनकडच्या घरांत फ्रिज, इन्व्हर्टर, मिक्सर आता सर्रास ऑनलाइन येतात. वस्तू दारात येते. बिघडली की सर्व्हिस सेंटर मात्र तालुक्याच्या गावातही सापडत नाही. त्यात आपल्याकडे वॉरंटी नाकारायला दोन कारणं कायम तयार असतात: "गंज चढलाय" नाहीतर "व्होल्टेजने जळलंय". अशा वेळी दाद मागायच्या चार वाटा आहेत आणि त्यांची ताकद सारखी नाही.

रिटर्नची मुदत शिल्लक असेल तर फार विचार करू नका, ॲपवरूनच वस्तू परत करा. मुदत संपली की "आता कंपनीशी बोला" असं उत्तर येतं आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. थांबू नये. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो. चॅटवरच्या मुलांशी वाद घालण्यात आठवडा घालवण्यापेक्षा या अधिकाऱ्याला एक नीट ईमेल लिहिणं कितीतरी चांगलं. पानावर नुसती "सेलर वॉरंटी" लिहिली असेल तर घाई करा. विक्रेत्याने दुकान गुंडाळलं की त्या वॉरंटीला वाली राहत नाही.

वॉरंटी उत्पादक कंपनीची असेल आणि तंत्रज्ञ घरी येणार असेल, तर तीच वाट सगळ्यात सोपी. फक्त ती ऑन-साइट आहे की वस्तू आपणच सेंटरवर न्यायची आहे, हे वॉरंटी कार्डावर आधी वाचा. तंत्रज्ञाने नकार दिला तर तो जॉबशीटवर, म्हणजे त्याच्या भेटीच्या नोंदीच्या कागदावर, कारणासह लिहून घ्या, तोंडी नकाराला काही अर्थ नाही. मागच्या पत्र्याला खाऱ्या हवेने गंज लागला म्हणून कॉम्प्रेसर बंद पडला, असं कुणी म्हणत असेल तर त्या दोन गोष्टींचा संबंध त्याने कागदावर दाखवावा. माझ्या मते इथेच पुढच्या सगळ्या भांडणाचा पाया पडतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो. बऱ्याच मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे कस्टमर केअरने अडवलेलं काम इथून सुटू शकतं. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. अनोळखी, छोट्या विक्रेत्याने दुर्लक्ष केलं तर तिचा इलाज संपला.

मग जिल्हा ग्राहक आयोग. लोक याला उगाच घाबरतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठा फरक केला आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता गुरुग्रामचा असो की बेंगळुरूचा, उत्तर त्याला रत्नागिरीत, ओरोसला किंवा अलिबागला द्यावं लागतं. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. "व्होल्टेजने जळलं" हा वाद असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, मात्र तपासणीची फी आधी आपल्याला भरावी लागते. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी असल्यास पाच महिने सांगितले आहेत; प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला.

बिल मुंबईच्या चाकरमान्याच्या नावावर आणि फ्रिज गावच्या घरात, हे आपल्याकडे नेहमीचंच. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे, त्यामुळे गावची आई किंवा काकाही तक्रार करू शकतात. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण नाही. पण पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या छोट्या धंद्याला, समजा मासे ठेवायच्या फ्रीझरला, कायद्यात सूट आहे.

इस्त्री, मिक्सर, इअरफोन असेल तर अधिकाऱ्याला ईमेल आणि 1915 एवढंच करा. त्यापुढे वेळ घालवणं परवडत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टरची बॅटरी, महाग फोन असेल तर ईमेलनंतर एक महिना वाट बघा आणि थेट आयोगाकडे जा. तोवर वस्तू गावातल्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका. पावसात बंद फ्रिज घेऊन बसणं कठीण असतं, हे खरं. पण सील तुटलं की कंपनीला नकाराचं तिसरं कारण मिळतं, आणि ते खोडणं पहिल्या दोन कारणांपेक्षा अवघड असतं.