माईकचा आवाज साठवायचा आणि सोडायचाही: पायथन, एफएफएमपेग की ब्राउझर?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा कट्टा भरतो. चाळीस-पन्नास खुर्च्या, एक वक्ता, मध्ये चहा. ज्यांना आता जिना चढवत नाही ते सभासद घरून ऐकतात, काहींची मुलं परदेशातून ऐकतात. हा आवाज घरोघर पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि समितीच्या लेखी 'कॉम्प्युटरवाली' मी एकटीच. परवा सानपाड्याच्या एका भजनी मंडळानं विचारलं, "ताई, आम्हालाही असंच करायचंय. पोरं प्रोग्रॅम लिहायला तयार आहेत, कशात लिहू म्हणतात." ट्रान्सहार्बरच्या गर्दीत उभ्यानं फोनवर सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक आडवा प्रश्न. प्रोग्रॅम लिहायलाच हवा का? ओबीएस स्टुडिओ हे तयार सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एकाच वेळी रेकॉर्डही करतं आणि यूट्यूबवर लाईव्हही सोडतं. तिथे चित्र द्यावं लागतं, पण मंडळाच्या फलकाचा एक स्थिर फोटो लावला की भागतं. तेवढ्यावर काम होत असेल तर पुढचं वाचू नका, पोरांना टाळ धरायला बसवा. फक्त आवाजच हवा, कमी नेटवर चालायला हवा, फाईल आपल्याला हवी तशी हवी, किंवा पोरांना शिकायचंच आहे, असं असेल तर पुढे या.

आमच्या कार्यवाहांचं वय ७४. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "अगं, तिकडे ऐकू गेलं नाही तर मी फोन करून माफी मागेन. पण भाषण साठलं नाही, तर वक्त्याला पुन्हा कुठून आणू?" हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

त्याची फळं पहिल्याच प्रोग्रॅममध्ये मिळाली. पायथन या भाषेत, माईक वाचून देणारी पायऑडिओ लायब्ररी वापरून मी एक सरळ लूप लिहिला होता: माईकमधून १०२४ सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मापं) घ्या, फाईलमध्ये लिहा, सर्व्हरला पाठवा, पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर १०२४ म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंद. तेवढ्यात तिन्ही कामं उरकायची. घरी झकास चाललं. हॉलमध्ये नेट होतं कुणाच्या तरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. ते दोन-तीन सेकंद अडकलं की पाठवण्याची ओळ अडकायची, आणि तेवढा वेळ माईककडे कुणी बघतच नव्हतं. आवाज तात्पुरता साठवणारा बफर भरून वाहायचा. पायऑडिओ अशा वेळी एरवी चूक दाखवून थांबतं, पण ती सूचना बंद ठेवायची सोय आहे आणि नेटवरची उदाहरणं बघून मी ती बंद केलेली. त्यामुळे तक्रार कुणीच केली नाही. वक्ते किल्ल्यांवर बोलत होते. फाईलमध्ये माहुलीच्या पायथ्याशी सुरू झालेलं एक वाक्य थेट "चहा तयार आहे" वर संपतं.

म्हणून पायथन घेणार असाल तर रचना अशी ठेवा. माईकचा आवाज कॉलबॅकमध्ये, म्हणजे नवा तुकडा आला की लायब्ररी आपणहून बोलावते त्या फंक्शनमध्ये, घ्यायचा आणि त्या कॉलबॅकनं तो तुकडा रांगेत टाकण्यापलीकडे काहीही करायचं नाही. ना फाईल, ना नेट, ना प्रिंट. एक थ्रेड (प्रोग्रॅममधलं समांतर चालणारं काम) रांगेतून उचलून फाईल लिहितो. दुसऱ्या थ्रेडची रांग वेगळी, तो नेटवर पाठवतो. फाईलच्या रांगेला मर्यादा घालू नका. एका माईकचा १६ बिटांचा, म्हणजे दर सॅम्पलला दोन बाइटचा, आवाज सेकंदाला ९६,००० बाइट, म्हणजे डिस्क अख्खा मिनिटभर रुसली तरी सहा एमबीच्या आत. नेटच्या रांगेला मात्र मर्यादा हवीच, आणि ती भरली की जुना आवाज फेकून द्यायचा. घरच्या श्रोत्याला मध्ये दोन सेकंद गाळलेले चालतात, तो पाच मिनिटं मागे पडलेला चालत नाही.

पायऑडिओ, की साऊंडडिव्हाईस ही त्याच कामाची दुसरी लायब्ररी? आतून दोन्ही पोर्टऑडिओच आहेत, सी भाषेतली तीच जुनी लायब्ररी, त्यामुळे आवाजात फरक नाही. पायऑडिओ कच्चे बाइट हातात देतं, साऊंडडिव्हाईस आकड्यांचा तयार संच, म्हणजे नमपाय या गणिती लायब्ररीचा अ‍ॅरे देतं. आवाज किती मोठा येतोय याची पट्टी स्क्रीनवर दाखवायची तर अ‍ॅरेवर ते एका ओळीचं काम आहे. विंडोज आणि मॅकवर साऊंडडिव्हाईसबरोबर पोर्टऑडिओही येतं, लिनक्सवर ते वेगळं टाकावं लागतं. लिनक्सवरच पायऑडिओ टाकताना मात्र बरेचदा कंपाईल करायची वेळ येते आणि हेडर फाईल नाहीत म्हणून ते अडून बसतं. आता मी साऊंडडिव्हाईस वापरते.

विंडोजवर एक गंमत कायम होते. एकच माईक विंडोजच्या चार वेगवेगळ्या ध्वनिव्यवस्थांच्या नावांनी यादीत चार वेळा दिसतो: एमएमई, डायरेक्टसाऊंड, वासापी आणि डब्ल्यूडीएम-केएस. माणूस पहिला दिसेल तो घेतो, तो एमएमई असतो आणि त्यात विलंब जास्त. वासापी घ्या. फक्त विंडोजच्या सेटिंगमध्ये माईकला जो सॅम्पल रेट दिलाय तोच प्रोग्रॅममध्ये द्या, नाहीतर तो उघडायलाच नकार देतो. रेट ४८,००० ठेवा. सीडीचा ४४,१०० सवयीनं हाताशी येतो, पण ओपस कोडेक (आवाज दाबून लहान करणारी पद्धत) ४८,००० वरच सुखी असतो.

एफएफएमपेग हे आवाज-चित्र हाताळणारं तयार साधन. त्यात प्रोग्रॅम असा लिहावा लागतच नाही. एक लांबलचक कमांड असते. ती बॅच फाईलमध्ये ठेवून डेस्कटॉपवर आयकॉन केला की कार्यवाहसुद्धा डबल क्लिक करून सुरू करतात. माईक घ्यायचं इनपुट कमांडमध्ये नावानं सांगायचं: विंडोजवर डीशो, मॅकवर एव्हीफाउंडेशन, लिनक्सवर अल्सा किंवा पल्स. दर दहा मिनिटांनी नवी फाईल सुरू करायची सोय त्यात आहे, त्यामुळे अपघात झालाच तर शेवटच्या तुकड्यापुरता. रोजच्या वापरात माझ्या पायथनपेक्षा हे कितीतरी भरवशाचं निघालं, हे कबूल करायला थोडं जड जातं.

पण माझ्या पहिल्या चुकीची बहीण इथेही आहे. एकच आवाज फाईल आणि सर्व्हर अशा दोन तोंडांनी सोडायला 'टी' नावाची सोय आहे आणि तिचा मूळ स्वभाव असा, की एक तोंड बंद पडलं की सगळंच थांबवायचं. नेट तुटलं की रेकॉर्डिंगही गेलं. नेटच्या तोंडाला 'ऑनफेल इग्नोर' सांगावं लागतं आणि 'टी'ला फिफो (मधली रांग) वापरायला लावावं लागतं, म्हणजे ते तोंड वेगळ्या थ्रेडवर जातं. फाईलला एक एन्कोडिंग आणि नेटला दुसरं हवं असेल तर कमांड इतकी वाढते की सहा महिन्यांनी आपलीच आपल्याला वाचता येत नाही. दुसरी उणीव मोठी: आवाजाची पट्टी आपोआप दिसत नाही. माईक म्यूट असला तरी वेळेचे आकडे ऐटीत पुढे जातात आणि शांतता नीट रेकॉर्ड होते. कानाला हेडफोन लावून बसणारं माणूस हवंच.

ब्राउझरची वाट वरवर सर्वांत सोपी. काही टाकावं लागत नाही, पान उघडलं, माईकची परवानगी दिली, झालं. पोरांना जावास्क्रिप्ट येत असेल तर एका संध्याकाळी चालणारं काहीतरी हातात येतं. पहिली ठेच अशी: माईक फक्त एचटीटीपीएसच्या (सुरक्षित जोडणीच्या) पानावर किंवा त्याच मशिनवरच्या लोकलहोस्टवर मिळतो. लॅपटॉपवर चालणारं पान हॉलच्या वायफायवरून फोनमध्ये उघडलं की माईक गायब. दुसरी: ब्राउझरमधली रेकॉर्ड करायची सोय, मीडियारेकॉर्डर, दर सेकंदाला तुकडे देतो खरा, पण पहिल्या तुकड्याशिवाय पुढचे वाजत नाहीत, कारण फाईलचं डोकं, म्हणजे ती कशी वाजवायची याची माहिती, त्या पहिल्यातच असतं. प्रत्येक तुकडा स्वतंत्र फाईल समजून साठवणारा एक मुलगा मला माहीत आहे. त्याच्याकडे दोन तासांचं न वाजणारं कीर्तन आहे. आणि फोनवर चालवणार असाल तर स्क्रीन लॉक झाली की भरवसा संपला.

तुमच्या मंडळासाठी तिसरी ठेच सर्वांत महत्त्वाची. ब्राउझर माईकच्या आवाजावर आपणहून तीन संस्कार करतो: प्रतिध्वनी काढणं, पाठीमागचा गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणं. मीटिंगसाठी हे वरदान. गाण्यासाठी सत्यानाश. सतत वाजणारा तानपुरा त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ब्राउझर तो हळूहळू पुसून टाकतो. टाळ वाजले की पातळी खाली, थांबले की वर, अशानं बुवांचा आवाज झोके घेतो. तिन्ही गोष्टी कोडमध्ये बंद करता येतात, प्रत्येकीला नाव घेऊन 'नको' म्हणावं लागतं. भाषणाला मी त्यातला गोंगाट दाबणारा संस्कार चालू ठेवते, आमच्या हॉलचे पंखे तसे आहेत.

साधन ठरलं तरी आवाज जाणार कोणत्या रस्त्यानं? इथे निर्णय एका प्रश्नावर होतो: घरचा श्रोता उलट बोलणार आहे का? नुसतं ऐकायचं असेल तर आईसकास्ट हा आवाज वाटणारा सर्व्हर. तुम्ही एकच प्रवाह सर्व्हरला देता, वाटप तो करतो, श्रोत्याला फक्त एक लिंक लागते. आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. अभंग सात सेकंद उशिरा पोचला म्हणून विठोबा रागावत नाही. श्रोत्यानं प्रश्न विचारायचा असेल तर वेबआरटीसी हे ब्राउझरमधलं दुतर्फा बोलण्याचं तंत्र हवं, तिथे उशीर अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवता येतो. पण त्यासाठी ओळख करून देणारा सर्व्हर हवा, थेट जोडणी जमत नाही अशा काही नेटवर्कवर आवाज पुढे नेणारा मधला टर्न सर्व्हर हवा, आणि श्रोते वाढले की वाटप करणाराही हवा. नाहीतर ६४ केबीपीएसचा आवाज ५० जणांना थेट द्यायला तुमच्या हॉटस्पॉटवरून ३.२ एमबीपीएस वर चढवावे लागतील. आमच्या कट्ट्यावर प्रश्नोत्तरं असतात, तरीही मी आईसकास्टच ठेवलंय. घरचे लोक प्रश्न फोनवरून कार्यवाहांना सांगतात आणि ते तो हॉलमध्ये मोठ्यानं विचारतात, स्वतःची दोन वाक्यं जोडून.

फाईल कोणत्या प्रकारची? वॅव्ह या न दाबलेल्या आवाजाच्या फाईलच्या डोक्यात लांबी लिहिलेली असते आणि ती फाईल बंद होताना भरली जाते. मध्येच मशिन बंद पडलं तर आवाज आत असतो पण प्लेअर म्हणतो, शून्य सेकंद. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कच्चा डेटा म्हणून उघडला की तो परत मिळतो, हे घाबरून फाईल डिलीट करण्याआधी आठवावं. शिवाय साध्या वॅव्हला ४ जीबीची मर्यादा आहे. एका माईकच्या वरच्या हिशोबानं ती सुमारे १२ तासांत गाठली जाते, म्हणजे अखंड हरिनाम सप्ताहाचा पहिला दिवसही मावळायचा नाही. फ्लॅक (आवाज न बिघडवता दाबणारा प्रकार) किंवा ओपस घ्या आणि तुकडे पाडा.

आणि साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर थेट लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घालू नका. मिक्सरचा आवाज त्या भोकासाठी फार मोठा असतो, फाटून येतो, आणि मग पोरं रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. लाईन इनपुट असलेला एक छोटा यूएसबी इंटरफेस मध्ये घ्या. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, राऊटर आणि मिक्सर जातात. त्या दोघांना यूपीएसवर ठेवा.

तर सानपाड्यासाठी माझं मत: एफएफएमपेग, दहा-दहा मिनिटांच्या ओपस फाईल, पुढे आईसकास्ट. पोरांना हात चालवायचाच असेल तर साऊंडडिव्हाईसवर फक्त आवाजाची पट्टी आणि "माईक मुका आहे" असा लाल दिवा दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगा, तो शेजारी चालू राहील. दोन्ही प्रोग्रॅमना एकाच वेळी माईक मिळतो का, ते तुमच्या मशिनवर आधी बघून घ्या. ब्राउझर तेवढा टाळा, निदान बुवांबरोबर तानपुरा आहे तोवर. पहिल्या गुरुवारी मी येते, सातच्या आत. हेडफोन माझा आणते, इंटरफेस तेवढा तुम्ही घेऊन ठेवा.