एलईडी बल्ब मागितला तर अण्णांनी विकलाच नाही (चार स्टार)

सोलापुरात होटगी रोडला अण्णांचं हे गाडीच्या लाईटचं दुकान, चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली सांगतो. गाडी माझी जुनी हॅचबॅक, हॅलोजन हेडलाईट, एच-फोर बल्ब (अप्पर-डिपर दोन्ही एकाच बल्बमध्ये). रात्रीचं वैरागला जाणं-येणं असतंय आणि बार्शी रोड ज्यांना माहितंय त्यांना वेगळं सांगायला नको, कारखाने चालू झाले की उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, समोरनं कुणीतरी अप्पर मारत आला की पुढचं काहीच दिसंना, अंदाजानं स्टेअरिंग धरून बसायचं.

म्हणून मी गेलो ते थेट "अण्णा, पांढरा एलईडी टाका, सगळ्यात पावरफुल" म्हणत. अण्णांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही, हेडलाईटच्या काचेवरनं नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "मालक, आधी हे पिवळं काढू, मग बल्बचं बोलू. एलईडी मी ह्यात बसवत नाही." धंद्याला बसलेला माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर मीच जरा थांबलो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आतला रिफ्लेक्टर बल्बमधली तार जिथं असते त्या जागेच्या हिशोबानं बनवलेला असतोय. एलईडीत तार नसतीय, बाजूला चिप चिकटवलेल्या असतात, मग उजेड पाहिजे तिथं न जाता कुठंही फाकतोय. बंपरसमोर एकदम लखलखाट दिसतो, आपल्याला वाटतं काय भारी पडला, पण जवळ जास्त उजेड झाला की डोळ्याची बाहुली आखडते आणि लांबचं उलट कमी दिसतंय. आणि समोरच्याचे डोळे जातात ते वेगळंच. केंद्रीय मोटार वाहन नियमातला १०६ नंबरचा नियम ह्याच्यावरच आहे, लाईटपासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणारा उजेड चालत नाही. म्हणजे साधारण समोरच्या गाडीतला ड्रायव्हर, आपल्यासारखाच.

मग १००/९० वॅटचा (अप्पर १००, डिपर ९०) हॅलोजन टाका म्हटलं, त्यालाबी नाही. कंपनीचा ६०/५५ वॅटचा असतोय, वायरिंग आणि होल्डर त्याच हिशोबानं, जास्त वॅटचा टाकला की होल्डर वितळतो. वितळलेले होल्डर डब्यात ठेवलेत त्यांनी, गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की तो डबाच पुढं करतात.

आता काम काय केलं. काच म्हणजे खरं तर पॉलीकार्बोनेट, प्लास्टिकच. त्याच्यावरचा कोट उन्हानं जातो आणि सोलापूरचं ऊन म्हणजे एप्रिल-मेमध्ये गाडी बाहेर लावली तर प्लास्टिकचं काय होणार. आजूबाजूला टेप लावून पाणी मारत घासलं, आधी १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग २०००, मग ३०००, शेवटी पॉलिश आणि वरनं यूव्ही कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर. हा शेवटचा कोट मुद्दाम विचारून घ्या, तो नाही मारला तर काही महिन्यांत परत पिवळं पडतंय. टूथपेस्ट घासायचे व्हिडिओ बघून घरी केलेलं टिकत नाही ते ह्याच्यामुळंच. दोन्ही बाजूचे मिळून चौदाशे रुपये घेतले.

बल्ब ६०/५५ चेच, पण ब्रँडेड, जास्त उजेडवाले, जोडीनंच बदलले. ह्यांचं आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी असतंय, हे त्यांनी आधीच सांगितलं. निळसर कोटिंगवाले नाही घेतले, त्यात उजेड कमी होतो आणि पावसात पांढऱ्या-निळ्या लाईटनं ओला रोड दिसतच नाही. वर रिले किट, म्हणजे बल्बला करंट स्विचमधून न जाता थेट बॅटरीवरनं देणारं, प्लगवालं, वायर न कापता बसणारं. जुन्या गाडीत स्विच आणि बारीक वायरमधून करंट येताना व्होल्टेज पडतंय, आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास पडतोय. मला खर्चाच्या मानानं सगळ्यात जास्त फरक इथंच जाणवला.

आणि एक काम जे फुकट केलं, ते म्हणजे लेव्हल. गाडी भिंतीपासून पाच मीटरवर सपाट जागी लावली, बल्बच्या उंचीची खूण केली आणि डिपरचा कट-ऑफ, म्हणजे उजेडाची वरची कड, त्याच्या पाच सेंटीमीटर खाली आणला. आपण डावीकडनं चालतो म्हणून डाव्या बाजूला उजेड थोडा वर चढलेला पाहिजे, कडेचा माणूस, सायकल दिसायला. उजवीकडनं चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले स्वस्त प्रोजेक्टर (भिंगवाले लाईट) आणून लावणाऱ्यांचा तो उजवीकडं चढतो, थेट समोरच्याच्या तोंडावर. स्टेअरिंगजवळ ० ते ३ आकड्याचं बटण असतंय ना, मागं तिघं बसले आणि डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं की ते २-३ वर न्यायचं, एकटे असलो की परत ०. इतकी वर्षं गाडी चालवणारे किती जण ते फिरवतात कुणास ठाऊक.

रिझल्ट म्हणाल तर रोड दिवसासारखा झाला असं काही नाही. डिपरवर कडेचा पांढरा पट्टा आणि खड्डा आधीपेक्षा लांबनं दिसतोय, ट्रॉलीचा मागचा भाग ब्रेक मारायला वेळ मिळेल इतका आधी कळतोय, आणि समोरचे अप्पर मारून शिव्या घालत नाहीत. समोरच्याच्या अप्परवर मात्र ह्यातलं काहीच चालत नाही, तेव्हा नजर डाव्या कडेला ठेवायची आणि स्पीड कमी करायचा, दुसरं काय. हां, आणि पुढची काच आतल्या बाजूनं पुसा, तिथं जो चिकट थर बसतो त्यानं समोरचा लाईट काचेवर आणखी फाकतो.

आता कापलेला स्टार. दोन तासांत देतो म्हणाले आणि संध्याकाळ केली, मधेच दुसरी गाडी घेतली. बसायला एक तुटका स्टूल, तोबी दुकानातल्या कामाच्या पोराकडं. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि यूव्ही कोट किती टिकेल विचारलं की "सावलीत लावा मालक" एवढंच. पोरगा रिलेची वायर कापून जोडायला निघाला होता, मी उभा होतो म्हणून वाचली, त्यामुळं गाडी सोडून जाऊ नका. फोन उचलत नाहीत, रविवारी बंद, सकाळी लवकर गेलात तर नंबर लागतो.