कंटेनरमधला डेस्कटॉप: अख्खा पडदा आरडीपीवर, की खिडक्या आपल्याच पडद्यावर?

इन्कस या लिनक्सवरच्या साधनाने कंटेनर, म्हणजे लॅपटॉपचाच कर्नल (सिस्टमचा गाभा) वापरणारी वेगळी लिनक्स सिस्टम, उभा करणं आणि त्यात एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकणं आता अवघड राहिलेलं नाही. अडतं ते त्यापुढे: हा डेस्कटॉप बघायचा कुठून? व्हर्च्युअल मशीनला नकली का होईना, डिस्प्ले कार्ड असतं. व्हीजीए कन्सोल उघडली की स्पाइस या पडदा दाखवणाऱ्या प्रोटोकॉलवरून चित्र समोर येतं. कंटेनरला ती सोय नाही. त्याचा कर्नल आपल्या लॅपटॉपचाच, ग्राफिक्स कार्डही लॅपटॉपचंच, आणि त्या कार्डावर आपला रोजचा डेस्कटॉप आधीच ठाण मांडून बसलेला.

मग दोन वाटा उरतात. एक, कंटेनरमध्ये त्याचा स्वतःचा एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या काढणारा प्रोग्रॅम) चालवायचा आणि आरडीपी किंवा व्हीएनसी या दूरचा पडदा बघण्याच्या प्रोटोकॉलने त्याला जोडून घ्यायचं. दोन, आपल्या डेस्कटॉपचं एक्सचं किंवा त्याच्या जागी आलेल्या वेलँडचं सॉकेट (प्रोग्रॅमनी पडद्याशी बोलायचं दार) कंटेनरला द्यायचं, म्हणजे आतले प्रोग्रॅम आपल्याच पडद्यावर खिडक्या उघडतात. मी दोन्ही वाटांनी बराच काळ काम केलं आहे आणि सध्या एकीवर स्थिरावलो आहे.

माझी गरज आधी सांगतो, कारण निवड तिच्यावरच ठरते. मी मराठी अंकांची पानं लावतो आणि मुद्रितशोधनही करतो. लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स आणि ग्नोम डेस्कटॉप आहे, फेडोराची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि मी ती घेतो. पण अंकाचं काम सुरू असताना लिबर ऑफिस किंवा देवनागरी फॉण्ट बदलून चालत नाही. फॉण्टची आवृत्ती बदलली की जोडाक्षरांची रुंदी किंचित बदलते, ओळ दुसऱ्याच शब्दावर तुटते आणि शेवटच्या पानावरच्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात. म्हणून प्रत्येक अंकासाठी डेबियन १२ या लिनक्सचा एक कंटेनर, त्यात त्या अंकाचेच फॉण्ट आणि लिबर ऑफिस ७.४. छपाईला फाइल जाण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे कंटेनरची त्या क्षणाची प्रत, घेऊन ठेवतो. वर्षभराने कुणी पुनर्मुद्रण मागितलं, तरी पान जसंच्या तसं उघडलं पाहिजे.

याच कारणाने डिस्ट्रोबॉक्स हे कंटेनरचं दुसरं साधन माझ्या कामाचं ठरलं नाही. ते अतिशय सोयीचं आहे आणि खिडक्या आपोआप पडद्यावर येतात, पण ते होम फोल्डर आतबाहेर एकच ठेवतं. होममधले फॉण्टही मग कंटेनरला दिसतात, आणि मला नेमकं तेच नको होतं. त्याला वेगळं होम देता येतं, पण एवढं करायचं तर सरळ इन्कसचा अख्ख्या सिस्टमचा कंटेनरच बरा. व्हर्च्युअल मशीनचा विचारही लवकरच सोडला. ८ जीबीच्या लॅपटॉपवर तिच्यासाठी मेमरी बाजूला काढली की ब्राउझर आणि लिबर ऑफिस दोघेही कुरकुरतात. वेगळा कर्नल हवा असेल किंवा विंडोज चालवायचं असेल, तर मात्र तिला पर्याय नाही.

आरडीपीची वाट पहिल्यांदा घेतली, तेव्हा ती फार आवडली होती. कंटेनरमध्ये एक्सआरडीपी हा आरडीपीचा सर्व्हर आणि त्याचं एक्सऑर्गसाठीचं (एक्स सर्व्हरसाठीचं) मॉड्यूल टाकायचं, लॅपटॉपवरच्या रेमिना या जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅममधून कंटेनरच्या आयपीवर ३३८९ या पोर्टला जोडायचं, झालं. परवानग्यांची काही भानगड नाही. आतला एक्स सर्व्हर आतच राहतो, त्यामुळे आतल्या प्रोग्रॅमला बाहेरचं काही दिसत नाही. खिडकी बंद केली तरी आतलं सत्र चालू राहतं, संध्याकाळी पुन्हा जोडलं की सकाळी उघडलेली फाइल कर्सरसकट तिथेच. कंटेनर दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर असला तरी फरक पडत नाही. आवाज हवा असेल तर वेगळं मॉड्यूल लागतं आणि व्हिडिओ बघताना प्रोसेसर तापतो, कारण चित्र काढण्याचं सगळं काम त्याच्यावरच येतं. पानं लावणाऱ्याला या दोन्हींशी फारसं देणंघेणं नाही. हे एवढंच असतं, तर मी आजही तिथेच असतो.

घोडं अडलं ते मराठी टाइप करताना.

आरडीपी अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतो. मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड लेआउट चालू करून के दाबलं की रेमिना ‘क’ पाठवत नाही, ‘या जागेवरची कळ दाबली’ एवढंच कळवतो. त्या कळीचं अक्षर कोणतं, ते आतला एक्स सर्व्हर ठरवतो, आणि तो इंग्रजीवर असतो. म्हणजे वरच्या पट्टीत ग्नोम मराठी दाखवतोय आणि पानावर इंग्रजी उमटतंय. यावर उपाय आहे: आतही इनस्क्रिप्ट बसवायचं. मग दोन ठिकाणी दोन लेआउट होतात आणि दोन्हींची बदलण्याची कळ वेगळी ठेवावी लागते, कारण सुपर आणि स्पेस ही जोडी ग्नोम मधल्यामध्ये पकडतो. रेमिनाला कीबोर्ड पूर्ण ताब्यात घ्यायला सांगितलं, तर ती जोडी आत पोचते, पण ऑल्ट-टॅबही आतच अडकतं आणि संदर्भासाठी बाहेरची फाइल बघायची तर आधी पकड सोडवावी लागते.

तरी सवय झाली असती. सवय होऊ दिली नाही ती पुढच्या गोष्टीने. जोडणी तुटून पुन्हा जुळली, लॅपटॉप झोपेतून उठला, नेटवर्क क्षणभर गेलं, की माझ्याकडे आतला लेआउट परत इंग्रजीवर आलेला असायचा. जोडणाऱ्याने जो कीबोर्ड कळवला, त्यानुसार एक्सआरडीपी नव्याने लेआउट लावतो आणि मी आत केलेली मांडणी पुसली जाते. लॉगिनला चालणारी स्क्रिप्ट इथे कामाला येत नाही, कारण हे नवं लॉगिन नसतं, जुनंच सत्र असतं. कुणी यावर पक्का तोडगा काढला असेलही. पण परिच्छेदाच्या मधोमध, डोळे हस्तलिखितावर आणि बोटं चालू असताना, वर बघावं तर अर्धी ओळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. हे दिवसातून काही वेळा झालं की कामाची लय जाते.

व्हीएनसी इथे बरा पडेल असं वाटतं, कारण तो कळ न पाठवता अक्षराची ओळख पाठवू शकतो. लेआउट लॅपटॉपवरचाच, आत काही बसवायला नको. ते खरंच चालतं. मात्र आलेलं अक्षर आतल्या सर्व्हरच्या कीबोर्डवर नसेल, तर तो ते एखाद्या रिकाम्या कळीवर ऐनवेळी बसवतो आणि मग दाबल्यासारखं करतो. भरभर टाइप करताना या धांदलीत माझी अक्षरं अधूनमधून गळत होती. इनस्क्रिप्टवर ‘ऱ्य’ लिहायचा तर शिफ्ट-जे, डी आणि स्लॅश अशा तीन पायऱ्या. त्यातली पहिली गळली की ‘दऱ्या’ लिहिलेल्या जागी ‘द्या’ उरतं. तो शब्द शब्दकोशात आहे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीत लाल रेघ येत नाही. ‘सह्याद्रीच्या द्या’ असं छापून गेलं, तर त्याचा जबाब मुद्रितशोधकाला द्यावा लागतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा त्रास जाणवणारही नाही, पण मला त्या दिवसापासून व्हीएनसीवर टाइप केलेल्या मजकुराचा भरवसा वाटेना.

सॉकेटच्या वाटेवर हा प्रश्नच उद्भवत नाही. एक्समध्ये कीबोर्डचा नकाशा सर्व्हरकडे असतो. वेलँडमध्ये कंपॉझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, तो नकाशा प्रत्येक प्रोग्रॅमच्या हाती देतो. प्रोग्रॅम कंटेनरमधला असो वा बाहेरचा, कंपॉझिटरला फरक दिसत नाही. लेआउट एकच, बदलायची कळ एकच, आणि वरच्या पट्टीत जे दिसतं तेच पानावर उमटतं. आत फक्त देवनागरी फॉण्ट आणि यूटीएफ-८ लोकॅल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) हवं. इन्कसच्या प्रतिमा, म्हणजे कंटेनरचे तयार साचे, आटोपशीर असतात, त्यात यातलं काही नसतं. फॉण्ट नसले की चौकोन दिसतात, आणि ते आरडीपीवरही दिसतातच.

ही वाट सुरुवातीला मात्र जास्त खडबडीत आहे, हे आधीच सांगतो. साध्या, म्हणजे विशेष अधिकार नसलेल्या कंटेनरमधला १००० क्रमांकाचा वापरकर्ता बाहेरून बघितला तर १००० नसतो. क्रमांक सहसा १०,००,००० ने सरकवलेले असतात. त्यामुळे आपल्या सत्राच्या फोल्डरमधलं वेलँडचं सॉकेट तो उघडू शकत नाही. जुन्या मार्गदर्शकांत यावर दोन्हीकडचे क्रमांक जुळवून घेण्याचा उपाय असतो. तो चालतो, पण माझ्या मते इन्कसचं प्रॉक्सी डिव्हाइस जास्त स्वच्छ आहे. ते आत एक सॉकेट उघडतं, त्याची मालकी आतल्या १००० ला देतं आणि कुणी जोडलं की बाहेरच्या सॉकेटपर्यंत पोचवतं.

फक्त ते आतलं सॉकेट आतल्या वापरकर्त्याच्या रन-यूजर फोल्डरमध्ये ठेवू नका. लॉगिन झालं की सिस्टमडी (सिस्टमच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) त्या जागी नवं कोरं तात्पुरतं फोल्डर चढवतो आणि आपलं सॉकेट त्याखाली झाकलं जातं. एरवी सगळं बरोबर असूनही खिडकी उघडत नाही ती बहुतेक याच कारणाने. सॉकेट एमएनटी या माउंटसाठीच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि वेलँड-डिस्प्लेच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नुसतं नाव न देता पूर्ण पाथ द्या. वेलँडची लायब्ररी पूर्ण पाथ स्वीकारते. हे एकदा इन्कसच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे कंटेनरच्या सेटिंगच्या साच्यात, लिहून ठेवलं की नवा अंक म्हणजे नवा कंटेनर, एका आज्ञेत तयार.

जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं डिव्हाइसही त्याच प्रोफाइलमध्ये जोडता येतं. ते जोडल्यापासून दोनशे पानी फाइल सरकवताना आरडीपीवर जाणवणारा जडपणा मला जाणवत नाही. आकडे काढत बसलो नाही, पण पंखा पूर्वीपेक्षा कमी वाजतो, हे घरातल्या बाकीच्यांनीही सांगितलं.

आता उणी बाजू. कंटेनर मी वेगळेपणासाठी घेतो आणि सॉकेट देणं म्हणजे त्या भिंतीला खिडकी पाडणं. एक्स११ हा १९८७ चा प्रोटोकॉल आहे आणि तो सगळ्या प्रोग्रॅमवर सारखाच विश्वास टाकतो. एक्सचं सॉकेट हाती आलेला कोणताही प्रोग्रॅम त्याच पडद्यावरच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दाबलेल्या कळा वाचू शकतो. तुमचा लॅपटॉप अजून एक्सवर असेल आणि कंटेनरमध्ये शंकास्पद काही चालवायचं असेल, तर ही वाट धरू नका. वेलँडमध्ये एका खिडकीला दुसरीचं काही कळत नाही, म्हणून मी फक्त वेलँडचं सॉकेट देतो, एक्सचं देत नाही. माझ्या कंटेनरमधला मजकूर माझ्या ओळखीच्या लेखकांचा असल्याने एवढी भिंत मला पुरते.

दुसरं, सत्र टिकत नाही. लॅपटॉपवरून लॉगआउट केलं की कंटेनरमधल्या खिडक्याही गेल्या. ज्यांना सकाळचं काम संध्याकाळी दुसऱ्या मशीनवरून पुढे न्यायचं आहे, त्यांना हे खटकेल, आणि त्यांनी आरडीपीच घ्यावा.

तिसरं, पॅनेल आणि मेनूसकट ‘डेस्कटॉप’ हवाच असेल, तर या वाटेवर तो सरळ मिळत नाही. झेफिर हा खिडकीत चालणारा एक्स सर्व्हर चालवून एका खिडकीत अख्खं एक्सएफसीई मांडता येतं. पण झेफिर कंट्रोल-शिफ्ट दाबताच माउस आणि कीबोर्ड पकडून ठेवतो, आणि बरेच मराठी टंकलेखक भाषा बदलायला तीच जोडी वापरतात. ती पकड बंद करायचा पर्याय त्यात आहे, तो आठवणीने द्या. शिवाय झेफिरला एक्सचं सॉकेट लागतं, म्हणजे वरचा सावधगिरीचा मुद्दा पुन्हा आलाच. मी काही दिवसांनी पॅनेलचा हट्ट सोडला. मला हवा होता तो त्या अंकाचा लिबर ऑफिस आणि त्या अंकाचे फॉण्ट. त्यासाठी दुसरा टास्कबार कशाला?

इनस्क्रिप्टऐवजी फोनेटिक (उच्चारानुसार रोमन कळांनी टाइप करायची पद्धत) वापरणाऱ्यांसाठी तराजू थोडा वेगळा झुकेल. फोनेटिक बहुधा आयबस या इनपुट मेथड प्रोग्रॅममधून येतं, म्हणजे ते नुसत्या कीबोर्डच्या नकाशात नसतं. वेलँडवर जीटीके या खिडक्या बनवण्याच्या लायब्ररीवरच्या प्रोग्रॅमना ते कंपॉझिटरमार्फत मिळतं. कंटेनरमध्ये लिबर ऑफिसचं जीटीके-३ चं पॅकेज टाकलंत तर तिथेही चालतं. क्यूटी-५ या दुसऱ्या लायब्ररीवरच्या प्रोग्रॅमना ग्नोमवर ही सोय मिळत नाही, आणि डेबियन १२ मधला स्क्रायबस हा पानं लावायचा प्रोग्रॅम त्यांतलाच. स्क्रायबसमध्येच फोनेटिक टाइप करायचं असेल, तर आरडीपी घेऊन आयबस कंटेनरमध्येच चालवणं कदाचित सोपं पडेल. लेआउटची अदलाबदल तिथेही करावी लागेल, पण निदान आयबस आतल्या आत सुरळीत चालतो.

ठरत नसेल तर आरडीपीपासून सुरुवात न करता उलट्या टोकाने करा. कंटेनरमध्ये डेस्कटॉप टाकूच नका. वेलँडचं प्रॉक्सी डिव्हाइस जोडा, लोहित देवनागरी फॉण्ट आणि एखादा साधा जीटीकेचा एडिटर टाका आणि ‘दऱ्याखोऱ्यांतल्या वाऱ्यावर’ हे शब्द आपल्या नेहमीच्या वेगाने ओळभर लिहा. लॅपटॉप झोपवून उठवा आणि पुन्हा लिहा. दोन्ही ओळी सारख्या उतरल्या, तर एक्सएफसीई टाकायची गरज पडते का, ते मग बघा.